नाव घेणं

तीन वर्षांपूर्वी दांडिया बाजारात
शेव-उसळीच्या गाडीखाली सापडला,
एक पाय सांडलेल्या तर्रीत.
म्हणून उसळ.
मग कळलं, नाव कसलं, हुकूमच तो:
जिन्यात माझी चप्पल वाजली
की चारही पाय एकदम जमीन सोडायचे.

भाद्रपदात खोकायला लागला.
कोरडं, घशात काटा अडकल्यासारखं.
डॉक्टर कोशाबेननी रक्ताचा थेंब काचेवर घेतला
आणि मला म्हणाल्या, जुओ.
लाल गोलांना ढुशा देत
काहीतरी वळवळत होतं तिथं,
अक्षर होऊ न शकलेल्या रेघेसारखं.
‘आ तो बच्चां छे. मोटां हृदयमां. झीणी सेव जेवां.’
मी हसले. खरंच हसले.
उसळीत शेव पडली होती शेवटी.
मग खुर्ची शोधली.

डासानं होतं म्हणे. एवढ्याशा.
आमची गॅलरी विश्वामित्रीच्या अंगाला,
संध्याकाळी मी हातापायांना मलम चोळून
कॉइलचा धूर स्वतःकडे वळवून बसायचे.
तो पायाशी
नुसताच बसायचा.

औषध इथं मिळेना.
भाचा अन्वय येताना घेऊन आला,
लोकरी मोज्यांत गुंडाळलेल्या तीन कुप्या.
आर्सेनिक असतं त्यात. मी कोशात पाहिलं:
सोमल.
गोष्टीतल्या सवती दुधात कालवतात तो.
तो कंबरेच्या स्नायूत, खोल,
कार्तिकात एकदा,
मार्गशीर्षात लागोपाठ दोन दिवस,
आणि त्याचं डोकं माझ्या काखेत.
चावला नाही. चावायला हवं होतं.

‘हवे एने दोडवा नहीं देवानो.
कूदवानुं तो नाम ज नहीं.’
किडे मरतील, पण मेलेले जाणार कुठं?
तुकडे होऊन, रक्तातून, फुफ्फुसात.
तो पळाला तर रक्त पळणार.
त्याला आनंद झाला तरी पळणार.
आनंद म्हणजे
मीच की.

तेव्हापासून घरी चोरासारखी येते.
चपला खालच्या मजल्यावर काढून हातात,
कुलूप पदरात दाबून उघडायचं,
आणि आत शिरायचं तेही त्याच्याकडे न बघता,
मीटर वाचायला आलेल्या माणसासारखं.
नावाची तर सोयच नाही.
समोरच्या वत्सलाकाकू म्हणाल्या, मग अहो म्हण,
आम्ही पन्नास वर्षं काय केलं?
अहो, गोळी घ्या.
अहो, बसा जरा.
अहो, शेपूट.
शेपटीला काही कळायचं नाही,
ती आपली पिंपाच्या पत्र्यावर ठणठणत राहायची.

उत्तरायणला सगळं बडोदं गच्चीवर.
गेल्या वर्षी फाटका पतंग तोंडात धरून
टाकीला सतरा फेऱ्या मारल्या होत्या यानं,
मागे अख्खी सोसायटी.
यंदा आम्ही दोघं कोठीच्या खोलीत,
दार लावून, तांदळाच्या डब्याला टेकून.
वरून शंभर गळे: काइपो छे!
त्याचे कान ताठ.
माझा तळवा त्याच्या बरगड्यांवर,
भिंतीवरच्या घड्याळाशी हिशोब:
एकशे दहा. एकशे चाळीस.
काही सुचेना, तेव्हा
हाताला लागली ती घरवेऱ्याची पावती
वाचून दाखवली त्याला, एका सुरात,
वॉर्ड नंबर, थकबाकी, पैशांसकट.
तिसऱ्या वाचनाला जांभई दिली.
मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

फेब्रुवारी संपताना कोशाबेन म्हणाल्या,
हवे चालशे. धीमे धीमे.
रक्त पुन्हा तपासायचंय, पावसाळ्यानंतर.
तेव्हा काय निघेल ते निघेल.

आज चपला पायातच ठेवून चढले,
मुद्दाम टाचा आपटत.
आत काही हललं नाही.
दार उघडलं तर
भिंतीकडे तोंड करून बसलेला,
माझ्याकडे न बघता.
कुणाकडून शिकला, विचारू नका.

पिशवीत सहा अंडी होती.
ती आधी खाली ठेवली
आणि नाव घेतलं.