डावा गुडघा

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, दवाखान्याच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर
आमची खोली : अकरा मीटर काळी पट्टी,
आठ कॅमेरे,
आणि खिडकीला जाड पडदा,
कारण ऊन शिरलं
की माणसाचा घोटा भलत्याच जागी दिसू लागतो.

शेवंता गुरव, वय एकोणीस, जांबोटीच्या पुढची.
पाच हजार मीटर.
फाईलमध्ये बावीस नंबर.
कमरेला, मांडीला, गुडघ्याला, टाचेला
मी चकाकते मणी चिकटवतो, चोवीस.
ती म्हणते, "बा देवीला चांदीचे डोळे बसवतो मेणानं,
तसंच करूलालाय की सर."

मग पडद्यावर शेवंता नसते.
अंधारात चोवीस ठिपके चालत येतात
आणि त्यांतले डावीकडचे
जमिनीला जरा कमी वेळ देतात.
नऊ टक्के कमी.
ऑपरेशनला आठ महिने झाले,
शिवण सुकली, मांडी भरली,
घडी एकशे तीस अंशांपर्यंत येते.
आकडे म्हणतात, पळ.

एका पायावर उड्या मारताना ती ओठातल्या ओठात मोजते :
ओंदु, एरडु, मूरु.
हॉस्टेलच्या बसलिंग सरांनी पहाटेच्या मैदानावर
तिच्या पायांत कन्नड घातलंय,
ते काही निघत नाही.
नाल्कला ती थांबते.
दर वेळी नाल्कला.

"दुखतंय? शून्य ते दहा, किती?"
ती छताकडं बघते.
ठणकत नाही, म्हणते. चमक नाही. कळ नाही.
शिणलाय म्हणावं तर तसंही नाही.
"भितोय बघा तो."
कोण?
"गुडघा."
मी पेन धरून बसलो. फॉर्मवर चौकोन एकच.
पाच लिहू?
"भ्यायला पाच कसं लिवतासा सर?"

आम्ही दोघंही हसलो. चौकोन कोरा राहिला.

पाच वीसची बस गेटाशी अडली होती, ती गेली की मग मुक्कामाचीच.
मी पडदा सारला.
शेवंता जिना उतरून रस्त्यावर आली,
पिशवी काखेत, एक चप्पल हातात, का कोण जाणे,
आणि फाटक उघडलं
आणि ती पळाली.

मी स्वतः कधी बससाठीही पळालो नाही.
पण बघायचं कसं ते मला येतं :
टाच, मग चवडा, मग कंबर.
पायरीवर झेप घेताना जमीन कुठल्या पायानं सोडली
तेवढं फक्त हवं होतं मला,
आणि नेमकी मधे उसाची ट्रॉली आली,
दोन ट्रॉल्या, मागं वाडं ओढणारी पोरं.
रस्ता मोकळा झाला तेव्हा
दारात कंडक्टर होता, आत गर्दी,
आणि ती वर.

मणी डब्यात भरताना तेवीस भरले.
पुन्हा मोजले. मग कन्नडात मोजले.
टाचेचा तिच्याबरोबरच गेला असणार,
पिरनवाडीच्या पुढं, झाडी सुरू होते तिकडं,
जिथं माझा एकही कॅमेरा नाही.

रजिस्टरात लिहिलं :
मणी एक, गहाळ. डावा.