अठरा अंशांसाठी कापड

रुवीत दुपारची झोप झाली की साडेचारला शटरं वर जातात.
आशरशेठच्या दुकानात आज मी पहिला.
पाय बाहेर झटकले, तरी फरशीवर साइटची धूळ उमटलीच.

"सूट? लग्न कुणाचं?"
मालकाच्या मुलाचं. पत्रिका जाड, सोनेरी कडेची,
खाली बारीक अक्षरांत: पोशाख औपचारिक.
बावीस वर्षांत कव्हरऑलला कुणी औपचारिक म्हटलं नाही.
तसं अनौपचारिकही नाही म्हटलं.

गठ्ठे उलगडले फळीवर, थाड, थाड.
"हा चमकतो तो पाहू नका,
फोटोत तुमच्या आधी तो दिसेल."
लिनन हाताला बरं वाटलं, धुतलेल्या पंच्यासारखं.
"गाडीतून उतरेपर्यंत भेळेचा कागद होईल त्याचा."

मग शेठनी एक राखाडी तुकडा माझ्या मुठीत दिला.
आवळा. अजून. दहा मोजा. सोडा.
कापड हळूहळू उठून बसलं,
डुलकी लागलेला वॉचमन
साहेबाची गाडी दिसताच बसतो तसं.
"शुद्ध लोकर," शेठ म्हणाले.

लोकर!
बाहेर शेहेचाळीस.
आणि मला ठाऊक असलेली लोकर एकच:
काचेची, पिवळी,
डक्टभोवती लपेटायची, वर चंदेरी कागद, वर टेप.
मनगटात शिरते, मानेत शिरते,
गरम पाण्यानं धुवाल तर आणखी आत.
पहिल्या सुट्टीत बायको म्हणाली होती,
तुमच्या बनियनला हात लावला
की दोन दिवस बोटं खाजतात.
तेव्हापासून माझे कपडे मीच धुतो, गावीसुद्धा.
(कॅम्पचा पत्ता वाचून हीच विचारायची:
घाला, म्हणजे काय घाला?)

शेठनी एक धागा उपटला, काडी लावली.
केस जळल्याचा वास. राख चिमटीत विरली.
"टेरिलीन असतं तर मणी झाला असता, चटका देणारा.
मेंढी खोटं बोलत नाही."

आतून शफिउल मास्टर आला, चट्टग्रामचा,
गळ्यात टेप, कानानं कमी.
"कुठल्या हवेसाठी? इथं दोन हवा आहेत.
एक रस्त्याची, एक हॉलची."

हॉल मला माहीत आहे, मी म्हटलं.
तिसरा मजला, झुंबरांचा.
त्याचे सगळे डक्ट आमच्या गँगनं गुंडाळले,
नऊ महिने, पालथं पडून, टॉर्च दातांत धरून.
स्टेजवर बावीस. मधल्या टेबलांवर वीस.
मागच्या भिंतीशी, दाराजवळ, अठरा.
तिथल्या जाळीची पाती वाकडी बसलीत,
सरळ करायच्या आधीच सीलिंग बंद झालं.

"आणि तुम्ही बसणार कुठे?"
मागच्या भिंतीशी.

शेठ हसले नाहीत. हलका गठ्ठा त्यांनी बाजूला सारला,
शिडी लावून वरून दोनशे ऐंशी ग्रॅमचा उतरवला.
"मग हा. भाव तोच लावतो."

मी विचारलं, छातीत आत काय घालणार,
शिवलेला कॅनव्हास की चिकटवलेला?
मास्टरनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
चिकटवलेलं या दमटपणात सुटतं, फोड धरतं,
हे मला कुणी शिकवायला नको.
आत जे दिसत नाही, तेवढंच माझं काम.

मग मापं.
उजवा खांदा अर्धा इंच खाली.
"पॅड घालतो. कुणाला कळणार नाही."
कळलं तरी चालेल, मी म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नाही.

बिलावर नाव पडलं: मिस्टर पार्शराम.
सव्वीसला ट्रायल.
बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ,
काही वेळ नुसते दिवे, माणसं नाहीत.

बसमध्ये कळलं, तो राखाडी तुकडा खिशातच राहिलाय.
मनगटावर घासून पाहिला. पुन्हा घासला, जरा जोरात.
खाज सुटायची वाट बघत
घाल्यापर्यंत आलो.