भरती-ओहोटीचं कोष्टक

बावीस वर्षं मी तारल्यांची डोकी उडवली,
माटोझिन्योश बंदरामागच्या गल्लीत, त्याच कारखान्यात,
त्याच कात्रीनं. पाती तीनदा बदलली, मूठ तीच.
मग एका गुरुवारी पाकीट आलं:
उद्यापासून येऊ नये.
कारण म्हणून एकच शब्द,
आमच्याच भाषेतला, पण इस्त्री करून आलेला.
शेजारच्या पोराकडून त्याचा अर्थ लावून घेतला.
त्यालाही नीट लागला नाही.

सल्ल्याला काय तोटा!
न्हाव्याच्या दुकानातून अबीलियो ओरडला, भांड!
बहीण झुल्मीरा म्हणाली, गप बस,
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
पाद्री म्हणाले, प्रार्थना कर,
आणि हळूच भाच्याचं कार्ड हातात दिलं.

भाच्याचं टेबल काचेचं,
इतकं स्वच्छ की त्यात मला
माझ्याच हातांची खालची बाजू दिसली.
"शंभर टक्के जिंकू," तो म्हणाला.
मी अजून नावही सांगितलं नव्हतं.
कागद सरकवला, पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.

मासा मला कळतो.
ताजा चमकतो, शिळाही चमकतो,
बर्फावर सगळेच चमकतात.
कल्ला उचलून बघावा लागतो.
"आणि हरलो तर?" मी विचारलं.
तो हसला. कल्ला काही उचलू दिला नाही.
मी टोपण लावून पेन परत ठेवलं.

दिवस मोजके होते.
हे कुणीच सांगितलं नव्हतं;
पत्राच्या दुसऱ्या पानावर, तळाशी,
माशीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं.

शेवटी ग्रासिंदाकडे गेले.
सहा वर्षांपूर्वी तिलाही असंच पाकीट आलं होतं.
ती लढली आणि हरली.
सगळे म्हणाले, हरलेलीला काय विचारतेस?
हरली होती म्हणूनच विचारलं:
वकील कशी होती?
कांदा चिरता चिरता ग्रासिंदा म्हणाली,
"हरणार कुठे, ते तिनं मला आधीच सांगितलं होतं."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसरा मजला.
लिफ्ट नाही. पायऱ्या एकोणसाठ;
शहाणी नव्हतेच, सगळ्या चढले.
इदालिना बाई संत्रं सोलत होत्या.
हात पुसले, फी किती ते कागदावर लिहून
कागद माझ्याकडे वळवला. मग पत्र वाचलं.
मग पुन्हा वाचलं.
"नोकरीचं आपण बोलू शकू.
रात्रपाळीचं मात्र लंगडं आहे, तुम्ही एकदा सही केलीय."
आणि तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवून
"हे मला माहीत नाही. सोमवारी सांगते."

काय सांगू, माझी पाठ
त्या क्षणी पहिल्यांदा खुर्चीला टेकली.

"जादा तासांचा काही पुरावा?"
मी पिशवीतून कोष्टकं काढली.
नवऱ्यानं समुद्र सोडला,
पण दरवर्षी भरती-ओहोटीचं पुस्तक घेणं सोडलं नाही.
होड्या पाण्याबरोबर यायच्या, भोंगा होड्यांबरोबर,
आणि आम्ही भोंग्याबरोबर.
प्रत्येक भरतीच्या शेजारी पेन्सिलीनं माझे तास:
आत चार वाजून दहा. बाहेर सात.
कुठे तेलाचा डाग, कुठे खवला चिकटलेला.
का लिहीत होते? कुणास ठाऊक.
पगाराच्या चिठ्ठीवर ते तास कधी दिसले नाहीत,
कुठेतरी असावेत, एवढंच.

बाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या.
शाबासकी नाही, डोळ्यांत पाणी नाही.
एवढंच म्हणाल्या:
"झेरॉक्स काढून आणा.
मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नका.
माझ्याही."

सोमवारी त्यांचा फोन आला.
तिसरा मुद्दा आपल्या बाजूनं नव्हता.
बाकीचं अजून चालू आहे.

झेरॉक्सवाल्या पोरानं विचारलं होतं,
यात काय आहे एवढं?
पाण्याच्या वेळा, मी म्हणाले.
पानं मीच उलटत होते, एकेक, काचेवर,
आणि मनात सारखं येत होतं,
माझ्याही देऊ नका म्हणाली
त्या एकाच बाईकडे
हे निर्धास्त ठेवता आलं असतं.