दोन बंडलांना दोन कमी

कागदावर होतं दोनशे बासष्ट.
मशीनवर बसूनच वाचलं,
शाळेच्या पॅन्टची शिलाई अर्धी सोडून.
राजमणीनं विचारलं, म्हणजे किती?
तिला आकडा कळतो तो विड्यांतला,
पंचवीसचं एक बंडल.
बोटं न थांबवता म्हणाली,
"दहा बंडलं, वर बारा सुट्ट्या.
एवढं तुमच्या रक्तात?"

हत्तुरे मॅडमनी विचारलं, काय खाता?
भाकरी, म्हटलं. ज्वारीची, कडक.
ताठ मानेनं, सोलापूरचा माणूस सांगतो तसं.
"आणि भाकरीबरोबर?"
मग मान जरा खाली.
रविवारी मटण. खाटीक ओळखीचा,
वरून चरबीचा गोळा टाकतो, फुकट.
फुकटच्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.
दुपारच्या चहाला खारी,
पुडीच्या कागदाला तुपकट खिडकी पडलेली,
त्यातून पलीकडचा पंखा दिसतो.
"विडी?"
विकत नाही घेत, म्हटलं.
खरंच होतं ते. कारखान्यात चेकर ज्या छाटतो,
तोंड नीट न मुडपलेल्या, पोटाला हलक्या,
त्या राजमणी घरी आणायची
आणि मी वाया जाऊ देत नव्हतो.

उठता उठता, घाबरत विचारलं:
शेंगाचटणी?
बाई हसल्या. त्याही इथल्याच.
"चमच्यानं खा. वाटीनं नको.
गोळीचं तीन महिन्यांनी बघू."
जिना उतरताना वाटलं,
या गावात राहायची परवानगी मिळाली.

रोज पाऊण तास चालायचं होतं.
पहिले पंधरा दिवस शेअर रिक्षानं
कंबर तलावावर गेलो, तिथं चाललो,
रिक्षानं परत आलो.
जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या,
अठ्ठावीस, तीस,
वाढत्या अंगाचा आहे, दोन इंच आत दाबून ठेव.
आता त्याच नावाच्या पाण्याकाठी
गळ्यात टेप तसाच, काढायचा विसरलेला.
एक पोरगा पळत पुढं गेला,
अंगात माझाच शर्ट, काखेत ताणत होता.
सोळाव्या दिवशी रिक्षाला हात केला नाही.

घरात तेलाची धार गेली, पळी आली.
हुलग्याचं माडगं. जवसाची चटणी. मटकी, परत मटकी.
एका रात्री मी ताट सरकवलं.
म्हटलं, हे काय जगणं आहे?
राजमणी उठली नाही.
मांडीवर सूप, हातात कात्री,
पान कातरत म्हणाली,
"बावीस वर्षं हे सूप मांडीवर आहे.
मला कोण म्हणालं, चाल म्हणून?"

मी ताट परत ओढलं.
माडगं गार झालं होतं. प्यालो.

दुसऱ्या दिवशी दाराला कडी लावून
ती माझ्यामागं निघाली, पायात रबरी चप्पल.
शंभर पावलांवर गुडघा धरून उभी राहिली.
दुकानाच्या पायरीवर बसलो दोघं,
शटर अजून खाली,
पेपरवाल्या पोरानं आम्हाला चुकवून सायकल काढली.
परवा त्या पायरीच्या पुढं गेलो.
परवाच्या परवा दूधडेअरीपर्यंत.

छाट आता घरी येत नाही.
कुठं जाते, मी विचारलं नाही.
पहिला आठवडा मात्र
बोटांना काय करावं कळत नव्हतं,
मी शिवलेली बटणं उसवून परत शिवली.

तीन महिन्यांनी कागदावर दोनशे चौदा.
तिला वाचून दाखवलं.
"आठ बंडलं, चौदा सुट्ट्या," म्हणाली,
मग उरलेला हिशेब:
"दोन बंडलांना दोन कमी उतरलं."
चेकरसारखं तोंड केलं तिनं,
पास करावं की छाटावं.
मॅडम म्हणाल्या होत्या, अजून उतरायला हवं.

लॅबच्या खिडकीत मी परत उभा राहिलो.
पोरानं विचारलं, आता कुणाचं?
मी तिचं नाव सांगितलं, पूर्ण,
माहेरच्या आडनावासकट.
वय? पोरानं विचारलं.
मी मागं वळून बघितलं.
ती बाकावर बसली होती,
बाही आधीच वर केलेली,
आणि रिकाम्या मांडीवर
बोटं पान वळत होती.