तळखार क्लबची वही

पहिल्या पानावर गोल नाही, उधारी आहे:
चेंडू एक, ब्लॅडरसकट, रुपये अकरा.
पैकी सात दिले. चार बाकी.
अजूनही बाकीच.
गोदीजवळचा तो दुकानदार कोण, नाव काय,
ते हसुराम मढवीला माहीत होतं,
आणि हसुराम एकोणऐंशीत गेला,
एक्कावन्न गोलांवर.

एक्कावन्न. मी मोजलेत.
त्यातले तीन ऑफसाइड, असं जोमा तांडेल म्हणतो.
पण तेव्हा ऑफसाइड गावात आलंच नव्हतं,
ते नंतर एका बेलापूरच्या पोरानं आणलं, गोवरासारखं.

मैदान म्हणजे बांधाबाहेरचं खाजण.
भांगाच्या दिवसांत चिखल वाळून पापड व्हायचा,
तिवरांची खुंटं कोयत्यानं तासायची,
दोन मेढी रोवायच्या, वर आडवा बांबू,
मागे चांगीबायची जुनी डोल, दहा ठिकाणी सांधलेली.
त्या डोलीतून जवळाही सुटायचा नाही.
चेंडू मात्र दोनदा सुटला, दोन्ही वेळा आमचाच.

रेफरीकडे घड्याळ नव्हतं, पाणी होतं.
उघाडीवरून कुणीतरी ओरडायचं,
"भरती आयली रं!"
की शिट्टी.
म्हणून अष्टमीचा सामना लांबलचक, पुनवेचा आखूड.
पाहुणे संघ तिथी विचारून यायचे.
न विचारता आले ते घोटाभर पाण्यात हरले,
आणि जाताना त्यांना भाकरी, सुकट.

सत्तरनंतरच्या एका पानावर नोटीस चिकटवलीय, खळीनं.
सर्वे नंबर, हिस्सा, गुंठे, शेरा: पड.
तिच्यात मधली रेघ नाही, कॉर्नर नाही,
पद्मण वैतीचा पाय मोडला ती जागा नाही.
पद्मण तो शेरा नाक्यावर मोठ्यानं वाचायचा,
"पड, पड," म्हणत लंगडून दाखवायचा.

भराव यायला पंधरा वर्षं लागली.
तोवर आम्ही सरकारच्या जमिनीवर खेळलो,
चिखल तोच होता.
चौऱ्याऐंशीच्या जानेवारीचं पान कोरं आहे.
त्या महिन्यात संघ जासईला गेला होता,
चेंडू न घेता.

मग पहिला डंपर डाव्या बगलेला रिकामा झाला.
डावीकडून खेळणारा किसन मुकादम
दुसऱ्या दिवशी गोलकीपर व्हायला आला.
गोलकीपर मी होतो.
आम्ही त्यावरून एक वर्ष बोललो नाही.

साडेबारा टक्क्यांत कुणाला भूखंड, कुणाला भाऊबंदकी.
क्लबला काहीच नाही. क्लबचा सातबारा नव्हता,
ही वही होती, आणि ती कुठल्याच टेबलावर कुणी उघडली नाही.

आता तिथं सेक्टर आहे. सेक्टरात टर्फ,
तासाला चौदाशे, भर उन्हात नऊशे.
गेल्या मार्गशीर्षात वर्गणी काढून
आम्ही उन्हातला तास घेतला.
जोमा एक्क्याऐंशीचा, नातीचा खांदा धरून
जुन्या उघाडीच्या कठड्यापासून पावलं मोजत निघाला,
मध्येच चुकला, परत गेला, पुन्हा मोजली,
आणि टर्फच्या जाळीबाहेर,
शेजारच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये,
दोन स्कूटरींच्या मधोमध थांबला.
वॉचमन म्हणाला, "काका, कुणाकडे जायचंय?"
"गोलात," जोमा म्हणाला.

आत खेळ सुरू झाला होता. साठीचे आम्ही चौघे,
बाकी नातवंडं, बुटांना दिवे असलेली.
जोमाच्या ऋचितानं लाथ घातली ती जाळीवरून गेली,
एक टप्पा, आणि चेंडू दोन स्कूटरींच्या मधून
थेट पाण्यात.
अमावस्या होती. गटाराच्या झाकणांमधून
पाणी वर आलं होतं, चाकांच्या तारांपर्यंत,
चेंडू त्यावर हळूहळू फिरत होता.

"भरती आयली रं!"
आम्ही चौघे जागच्या जागी थांबलो, सवयीनं.
नातवंडं बघत राहिली.
तासाची बावीस मिनिटं उरली होती,
पैसे परत मिळत नाहीत.

रात्री वहीत लिहिलं:
सामना पाण्यामुळे थांबला. गोल एक, ऋचिता.
खाली जोमानं थरथरत्या अक्षरात, वेगळ्या पेनानं:
ऑफसाइड.