घरी विचारून सांगतो

चार वर्षं लागली अद्वयला
एवढं तोंडात बसायला:
माझं नाव अद्वय सुहास तिरोडकर,
बाबा पोर्टवर क्रेन चालवतात,
फलज अल कबाइल, पिवळी बिल्डिंग, बेकरीच्या वर,
आणि मग आठ आकडे, नऊपासून सुरू होणारे.

चित्रं लावून, मांडीवर ताल धरून,
बरोबर आलं की बी काढलेला अर्धा खजूर.
त्याआधी एकदा सोहारच्या मासळीबाजारात हरवला होता,
दोन तास.
सापडला बर्फाच्या पेट्यांमागे, सुरमईचे डोळे मोजत.
त्याची आई माझा हात सोडेना.
"टीचर, बाकी काही नको,
ह्याला पत्ता तेवढा सांगता येऊ दे."

आला. इतका आला की लिफ्टलाही सांगायचा.

आणि आता, ह्या रविवारी,
मी कॉम्प्युटरच्या खोलीत उभी आहे
त्याला शिकवायला, की हे सांगायचं नाही.

रय्याच्या कीबोर्डवर भोकांची पट्टी आहे,
थरथरतं बोट एका वेळी एकाच अक्षरात उतरावं म्हणून.
जिबिनचा कॉम्प्युटर बोलतो, इतका भरभर
की मला नुसती माशी ऐकू येते, त्याला अख्खा धडा.
अद्वयला दिसतं, ऐकू येतं,
टाइप करतो माझ्या दुप्पट वेगानं.
त्याला फक्त खोटं येत नाही.

गेल्या आठवड्यात खेळता खेळता
ड्रॅगन-सात नावाच्या कुणीतरी विचारलं,
आत्ता घरी कोण आहे?
ह्यानं लिहिलं: मी. आई दुकानात गेली.
दार नुसतं ओढलेलं आहे.

काही झालं नाही.
आई दूध घेऊन आली,
स्क्रीन वाचली,
आणि पिशवी तशीच हातात धरून उभी राहिली.

म्हणून ही कार्डं.
हरवलास, पोलीस दिसला: सांगायचं. हिरवं.
स्क्रीनवर कुणी विचारलं: नाही सांगायचं. लाल.
अद्वयनं दोन्ही कार्डं कडेला कड जुळवून ठेवली
आणि विचारलं,
"पोलीस स्क्रीनमध्ये असला तर?"

एसी घरघरत राहिला.
रय्याचं बोट भोकावर थांबलं.

मागच्याच महिन्यात माझ्या फोनमध्ये
टोपी घातलेला, मागे झेंडा लावलेला माणूस
म्हणाला होता, मॅडम, तुमचं कार्ड बंद होतंय,
आणि मी, बी.एड., अकरा वर्षं नोकरी,
सहातले चार आकडे सांगून बसले होते
तेवढ्यात बॅटरी गेली.
हे मी वर्गात सांगितलं नाही.

शेवटी त्याला आमच्या आळीची जुनी युक्ती दिली.
नको असलेलं स्थळ, भिशी, वर्गणीवाली पोरं,
सगळ्यांना आम्ही उंबऱ्यावरून ह्याच चार शब्दांत,
नाही, तीन शब्दांत परतवायचो:
घरी विचारून सांगतो.
हे खोटं नाही, अद्वय.
उत्तरही नाही.
त्यानं ते तेवीस वेळा टाइप केलं.

आता आईची तक्रार आहे.
वरणावर तूप घालू का रे?
घरी विचारून सांगतो.
"अरे, मीच ना घर!" ती म्हणते,
आणि फोनवर हसता हसता तिचा आवाज बदलतो.

गुरुवारी सुटताना बसवर नवा माणूस होता,
शफिकुल, हातात यादी, यादीवर पेन.
नेम?
अद्वय थांबला.
त्याच्याभोवती एक फेरी मारून
माणसाला पाठ आहे का ते बघून आला.
बाही चिमटीत धरली. वास घेतला.
रांग मागे खोळंबली, कुणीतरी रडायला लागलं.

मग एका दमात सगळं:
तिरोडकर, क्रेन, बेकरी, आठही आकडे.
शफिकुलला फक्त नाव हवं होतं.

फाटकाशी मी उभी होते,
एका हातात लाल, एका हातात हिरवं.
अद्वय खिडकीतून बघत होता, कुठलं वर जातंय ते.
बस वळेपर्यंत बघत होता.