पुरे

ताकायामाच्या उतारावर, जानेवारीत,
भाताच्या रिकाम्या खाचरात बांबू उभे असतात
एकमेकांना टेकून, उकळून तेल काढलेले,
पांढऱ्या उन्हात वाळत.
बाबा एखादा उचलतात, नखाने वाजवतात, कान देतात,
पुन्हा ठेवतात.
अजून नाही.

मी वरच्या टेकडीवर, प्रयोगशाळेत.
माझी हत्यारं: चिमटा, भिंग,
रात्री दोनला वाजणारा गजर.
मोहरीच्या कुळातलं एक किरकोळ तण,
त्याचं उमललेलं फूल तांदळाच्या कणीएवढं,
आणि मी पाहते ती कळी तर
नुसत्या डोळ्यांच्या हिशेबातच नाही.

तिच्या टोकाशी मूठभरही नाहीत इतक्या पेशी.
त्यांना एकच येतं: दुभंगणं.
एकीच्या दोन, दोघींच्या चार.
कडेला निदलं बसली, आत पाकळ्या,
मग सहा पुंकेसर, चार उंच, दोन बुटके,
आणि मधोमध अजूनही कोरी जागा.
आता थांबायला हवं.
पण सांगणार कोण?

सांगणारं अक्षर आतच आहे, रिळांवर गुंडाळलेलं,
आणि रिळांवर खुणा ठोकलेल्या: गप्प.
एक दिवस हुकूम येतो.
खुणा ठोकणाऱ्याला हाकलून देतो,
जुन्या खुणांना मात्र हात लावत नाही.
मग पेशी दुभंगते, आणि रिळांची वाटणी होते
भावाभावांत भांडी वाटावीत तशी,
निम्मी इकडे, निम्मी तिकडे.
कमी पडली ती नवी येतात. कोरी.
पुन्हा वाटणी. खुणा आणखी विरळ.
असे साधारण दोन दिवस,
मग त्या अक्षराला कंठ फुटतो
आणि ते एवढंच म्हणतं: पुरे.

घड्याळ शोधत आम्ही किती वर्षं घालवली!
तिथे वाटणी हेच घड्याळ.

शिगेमी म्हणाली, सिद्ध कर.
म्हणून गुरुवारी मी कळ्यांना औषध पाजलं,
दुभंगणं गोठवणारं.
शनिवार उजाडला, रविवार उजाडला भिंतीवरच्या घड्याळात.
कळीत गुरुवारच होता.
अक्षर गप्प.

घरी बाबा रवी करतात, चहा घुसळायची,
एकाच पेरातून.
आधी सोळा फाका. प्रत्येक फाकेचं साल वेगळं, गर वेगळा.
मग साल चिरायचं, जाड, बारीक, जाड, बारीक,
ऐंशी काड्यांपर्यंत.
लहानपणी एकदा विचारलं, मोजता कसं?
सुरी थांबली. त्यांनी रवी चुलीत टाकली.
“मोजत नव्हतो,” म्हणाले, “आता मोजायला लागलो असतो.”

काल मी त्यांना एक रोप दाखवलं, काचेच्या नळीत.
याच्यात ते अक्षरच मोडलंय.
बीजकोश फुगून फाटलेला, त्यातून पुन्हा पुंकेसर,
त्यांच्यात पुन्हा बीजकोश,
बोलायला लागलेल्या माणसाला कुणी हटकलंच नाही तसं.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतलं.
बराच वेळ पाहिलं.
मला वाटलं, सुंदर म्हणतील.
“बी धरतं का?”
फारसं नाही, म्हटलं.
त्यांनी नळी परत दिली, दोन्ही हातांनी,
आजाऱ्याला भेटून उठावं तसं.

रात्री गजराआधीच जाग आली.
भिंतीपलीकडे सुरी चालू होती, कोरडा, बारीक आवाज.
मी मोजायला लागले: बेचाळीस, त्रेचाळीस,
साठाच्या पुढे कुठेतरी डोळा लागला.
गजर वाजला तेव्हा पलीकडे शांत होतं.

फळीवर रवी उभी. काड्या मोजाव्यात असं वाटलं.
मोजल्या नाहीत.

टेकडीवर गेले, पडद्यावर चित्रं चाळली.
बारा वाजता कळीत उजेड नव्हता.
दोन वाजता होता,
एका पेशीत, हिरवा, ठिपक्याएवढा.
मधलं चित्र घेतलेलंच नव्हतं.